थिसिसच्या फोल्डरमधला पसारा: आधी लपवला, मग हलवला

पार्श्वभूमी

आमच्या लॅबमधली एक ज्युनियर थिसिस लिहीत होती, लाटेकमध्ये. मशीन लिनक्सचं, डेस्कटॉप ग्नोमचा, त्यामुळे फाइल मॅनेजर म्हणजे नॉटिलस, आणि लिहायला टेकस्टुडिओ. ओळख पटू नये म्हणून नाव-विषय काही देत नाही, बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय, कारण या भानगडीत मी सुरुवातीपासून होतो आणि त्यातल्या दोन चुका माझ्याच सल्ल्यामुळे झाल्या.

लाटेक ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही एक फाइल लिहिता, कंपाइल करता, पीडीएफ मिळते, पण त्या पीडीएफसोबत तो प्रोग्रॅम फोल्डरमध्ये स्वतःच्या कामाच्या बऱ्याच फाइली टाकून ठेवतो. अनुक्रमणिकेची एक, आकृत्यांच्या यादीची एक, तक्त्यांच्या यादीची एक, संदर्भसूचीच्या चार, पीडीएफच्या बुकमार्कची एक, एक लॉग, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे डॉट ऑक्स, जिच्यात कुठलं लेबल कुठल्या पानावर आलं ते लिहिलेलं असतं. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत ठेवून इन्क्लूड केली की प्रत्येक प्रकरणाची आपली आपली ऑक्स फाइल वेगळी.

तिच्या फोल्डरची मोजदाद मी बसून केली होती. तिच्या कामाच्या गोष्टी अकरा: मेन डॉट टेक, सात प्रकरणं, संदर्भांची एक बिब फाइल, आकृत्यांचं एक फोल्डर आणि पीडीएफ. आणि आपोआप तयार झालेल्या अठरा. म्हणजे एकोणतीस नावांत अकरा शोधायची, तीही अशी की प्रकरण-4 डॉट टेक आणि प्रकरण-4 डॉट ऑक्स एकाखाली एक. नावावर डबल क्लिक करताना चुकून ऑक्स उघडायची, एकदा तर ती ऑक्समध्येच दुरुस्ती करत बसली होती आणि पुढच्या कंपाइलला ते सगळं पुसलं गेलं.

अडचण काय होती

ती म्हणाली, "दादा, मला ह्या फाइली दिसायलाच नकोत, असं काही करता येतं का?"

हे वाक्य मी मुद्दाम तसंच दिलंय. दिसायला नकोत, असं ती म्हणाली. असायला नकोत किंवा इथे असायला नकोत, असं नाही म्हणाली. मी ते शब्दशः घेतलं आणि लपवायच्या मागे लागलो. तिला खरं तर काय हवं होतं, तर फोल्डर उघडलं की आपलं लिखाण तेवढं समोर यावं. ह्या दोन गोष्टी सारख्या वाटतात पण सारख्या नाहीत, आणि हे कळायला आम्हाला दीड-दोन महिने गेले.

पहिला उपाय: हिडन फाइल

लिनक्सवर फाइल लपवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे नावाच्या सुरुवातीला डॉट. (ही पद्धत कुणी ठरवून काढलेलीच नाही. बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 मध्ये लिहिलं होतं की जुन्या युनिक्समध्ये फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडने डॉट आणि डबल डॉट (म्हणजे चालू फोल्डर आणि त्याच्या वरचं फोल्डर) ह्या दोन नोंदी दाखवू नयेत म्हणून पहिलं अक्षर डॉट असेल तर सोडून दे असा शॉर्टकट घेतला गेला, आणि त्यातून डॉटने सुरू होणारी सगळीच नावं लपायला लागली.) विंडोजवर लपवणं हा फाइलला लावलेला गुणधर्म असतो, मॅकवरही तसा फ्लॅग असतो, लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये तसं काही नाही, सगळा खेळ नावावर.

पण लाटेकच्या फाइलींची नावं आपल्या हातात नसतात. मेन डॉट टेक कंपाइल केली की मेन डॉट ऑक्सच होणार. जॉबनेम, म्हणजे ज्या नावाने ह्या सगळ्या फाइली तयार होतात ते, डॉटने सुरू करून बघावं असंही एकदा डोक्यात आलं, पण मग पीडीएफपण लपणार, आणि टेक लाइव्हच्या (लिनक्सवर लाटेक ज्या संचातून येतं त्याच्या) मूळ सेटिंगमध्ये टेकला, म्हणजे लाटेकच्या खालच्या मूळ प्रोग्रॅमला, डॉटने सुरू होणाऱ्या नावाची फाइल लिहायला सुरक्षेसाठी बंदीच आहे. तो रस्ता बंद.

दुसरी सोय आहे ती फार लोकांना माहीत नसते. फोल्डरमध्ये डॉट हिडन नावाची साधी टेक्स्ट फाइल करायची, तिच्यात जी नावं लपवायची ती एका ओळीत एक अशी लिहायची, रिफ्रेश केलं की नॉटिलस ती नावं दाखवत नाही. कंट्रोल एच दाबलं की परत सगळं दिसतं. हे काम खरं तर नॉटिलसच्या खालची जीआयओ नावाची लायब्ररी करते, म्हणून नेमो, काजा, थुनार ह्या दुसऱ्या फाइल मॅनेजरांतही तीच फाइल चालते, आणि केडीई ह्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या डॉल्फिनच्या नव्या आवृत्त्याही तिला मानतात.

तिने उत्साहाने फाइल केली आणि आत लिहिलं स्टार डॉट ऑक्स, स्टार डॉट लॉग, स्टार डॉट टीओसी. रिफ्रेश केलं, काहीच नाही. मला विचारलं तेव्हा मीपण आधी गोंधळलो, कारण कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या इग्नोर फाइलमध्ये असंच लिहितात आणि चालतं. पण डॉट हिडनमध्ये स्टार म्हणजे खरंच स्टार, म्हणजे स्टार डॉट ऑक्स ह्याच नावाची फाइल असेल तर ती लपेल. नाव अक्षर न अक्षर जुळावं लागतं, कॅपिटल-स्मॉलसकट, आणि ती यादी फक्त त्याच फोल्डरपुरती, आतल्या फोल्डरना लागू होत नाही.

मग अठराच्या अठरा नावं हाताने लिहिली. झालं काम. फोल्डर उघडलं की अकरा गोष्टी, ती खूश, मीपण खूश.

दुसरा उपाय: यादी आपोआप भरणारी स्क्रिप्ट

तीन आठवड्यांत तिने आठवं प्रकरण आणि एक परिशिष्ट जोडलं, पारिभाषिक शब्दांची यादी जोडली, आणि नव्या नावांच्या फाइली परत उगवल्या. तिने दोनदा हाताने यादी वाढवली, तिसऱ्यांदा कंटाळली, जे साहजिक आहे.

इथे पहिला मोठा निर्णय आला आणि तो मी घाईत घेतला. मी पाच ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली: फोल्डरमधली सगळी नावं वाच, ज्यांचं एक्स्टेन्शन ऑक्स, लॉग, टीओसी, आउट, बीबीएल वगैरे आहे ती उचल, आणि डॉट हिडन नव्याने लिही. टेकस्टुडिओत यूजर कमांड म्हणून ती कंपाइलच्या मागे जोडून दिली, म्हणजे प्रत्येक कंपाइलनंतर यादी ताजी. मला ते फारच नेटकं वाटलं होतं.

जे मी विचारलं नाही ते असं, की ह्या फोल्डरमध्ये लाटेकच्या सोडून आणखी कुणाच्या फाइली आहेत का. होत्या. तिच्या सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमचं आउटपुट डॉट आउट आणि डॉट लॉग ह्याच नावांनी यायचं, आणि तक्ते भरताना हाताशी असावं म्हणून तिने त्यातल्या पाच-सहा फाइली थिसिसच्या फोल्डरमध्ये आणून ठेवल्या होत्या. मेन डॉट आउट ही लाटेकच्या हायपररेफ पॅकेजची बुकमार्कची फाइल, आणि रन-3 डॉट आउट हा तिच्या नऊ तासांच्या रनचा निकाल. स्क्रिप्टला दोन्ही सारख्याच, तिने दोन्ही लपवल्या.

आधीच्या हाताने लिहिलेल्या यादीत हा धोका नव्हता, कारण ती नावाने होती. एक्स्टेन्शनवरून ओळखायला गेलो तिथे घात झाला. आउट, लॉग, डॅट, टीएमपी, बॅक ही एक्स्टेन्शनं कुणा एका प्रोग्रॅमच्या मालकीची नाहीत, वाटेल तो प्रोग्रॅम ती वापरतो.

काय काय बिघडलं

पहिली घटना पेनड्राइव्हची. तिला घरच्या मशीनवर काम न्यायचं होतं, तिने फोल्डर उघडलं, कंट्रोल ए, कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. आता हे नीट लक्षात घ्या, फोल्डरच्या बाहेरून अख्खं फोल्डर कॉपी केलं असतं तर लपलेलं सगळं त्याच्यासोबत गेलं असतं, पण आत जाऊन सिलेक्ट ऑल केलं की फाइल मॅनेजर फक्त जे दिसतंय तेच निवडतो. रन-3 डॉट आउट गेली नाही. घरी गेल्यावर तिला ती सापडेना, तिला वाटलं कॉपीत राहिली असेल, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आली तर तिथेही दिसेना. सर्चमध्ये नाव टाकून बघितलं, नॉटिलसचा सर्चही लपलेल्या फाइली सोडून देतो, म्हणजे तिथेही नाही. तिने मानून चाललं की आपल्याच हातून कधीतरी डिलीट झाली. आणि नऊ तासांचा रन परत लावला. मला सांगितलंसुद्धा नाही, कारण तिच्या मते ती तिची चूक होती. हे मला नंतर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसरी घटना गाइड मॅडमची. त्यांना प्रकरणांच्या सोर्स फाइली हव्या होत्या, हिने फोल्डर झिप करून मेल केलं. मॅडम विंडोज वापरतात. विंडोजला डॉट हिडनचं काहीच माहीत नाही, त्यामुळे मॅडमना लपलेल्या सगळ्या फाइली तर दिसल्याच, वर डॉट हिडन हीपण एक फाइल म्हणून दिसली. "ह्यातली नेमकी कुठली उघडू?" असा त्यांचा प्रश्न आला. हिला कळेना की मॅडम एवढ्या फाइली म्हणतायत त्या कुठल्या, कारण हिच्या स्क्रीनवर तर नव्हत्या.

तिसरी घटना मात्र जड गेली. प्रकरण चार कंपाइल होत असताना लॅपटॉप बॅटरी संपून बंद पडला. चालू केल्यावर कंपाइल होईना. एरर एकच, टेक्स्ट लाइन कन्टेन्स ॲन इनव्हॅलिड कॅरेक्टर, आणि तीच परत परत, शेवटी शंभर एरर झाल्या म्हणून टेक थांबायचा. तिला वाटलं आपण कुठून तरी पेस्ट केलेल्या मजकुरात काही वेडंवाकडं अक्षर आलं. प्रकरण चारमधले परिच्छेद एकेक काढून बघितले, मग अर्धं प्रकरण काढून, मग दुसरं अर्धं. सगळं प्रकरण रिकामं केलं तरी एरर तीच.

झालं काय होतं, तर मशीन अचानक बंद पडल्यामुळे प्रकरण-4 डॉट ऑक्समध्ये अक्षरांऐवजी शून्य बाइट्स भरले गेले होते. कंपाइल सुरू झालं की लाटेक सगळ्यात आधी जुन्या ऑक्स वाचतो, तिथेच शंभर एरर होऊन तो थांबतो, म्हणून नवी ऑक्स लिहायची वेळच येत नाही, आणि पुढच्या कंपाइलला परत तीच खराब फाइल. उपाय अर्ध्या मिनिटाचा, ती फाइल डिलीट करा. लॉगमध्ये फाइलचं नावही आलेलं होतं आणि तिने ते वाचलंही होतं! पण फोल्डरमध्ये बघितलं तर त्या नावाची फाइलच नाही. मग तिने निष्कर्ष काढला की लॉग जुना असणार.

रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, एरर ज्या फाइलीत आहे ती फाइलच नाहीये." मी म्हटलं कंट्रोल एच दाब. काही सेकंद शांतता, मग ती म्हणाली, "अरे देवा, आणि ही रन-3 पण इथेच आहे की."

पर्यायांचा विचार

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कागद घेऊन बसलो, आणि मी ह्यावेळी आधी विचारलं की फोल्डरकडून तुला काय काय हवंय. उत्तर आलं: माझं लिखाण आणि पीडीएफ समोर, पीडीएफवर क्लिक केलं की सोर्समधल्या त्या ओळीवर जाता यायला हवं, मॅडमना पाठवताना पसारा जायला नको, आणि काही बिघडलं तर बिघडलेली फाइल मला सापडायला हवी. शेवटची अट तिने स्वतःहून घातली.

कंट्रोल एचवर अवलंबून राहून आहे तेच चालू ठेवणं. म्हणजे काही सापडलं नाही की आधी कंट्रोल एच दाबायची सवय लावणं. हे ती करू शकली असती, पण थिसिसच्या शेवटच्या महिन्यात अशी शिस्त लक्षात ठेवायला लावणं बरोबर नाही असं माझं मत होतं, अजून आहे.

स्क्रिप्ट सुधारणं. एक्स्टेन्शनऐवजी टेक फाइलच्या नावाशी जुळतंय का बघायचं, मेन असेल तर मेन डॉट आउट लपव, रन-3 डॉट आउट सोड. ह्याने डेटाचा प्रश्न सुटला असता. पेनड्राइव्ह, मॅडम आणि खराब ऑक्स हे तिन्ही तसेच राहिले असते.

प्रत्येक कंपाइलनंतर सगळं साफ करणं. लाटेकएमके नावाचं लाटेक लागेल तितक्या वेळा आपोआप चालवणारं साधन आहे त्यात साफसफाईचा पर्याय असतो, टेकस्टुडिओच्या मेनूतही आहे. ऐकायला सगळ्यात स्वच्छ पर्याय हाच, पण ती इन्क्लूड-ओन्ली वापरायची, म्हणजे चालू प्रकरण तेवढंच कंपाइल करायचं आणि बाकीच्या प्रकरणांचे पान क्रमांक नि संदर्भ त्यांच्या जुन्या ऑक्स फाइलींतून घ्यायचे. ऑक्स पुसल्या की सगळे क्रॉस-रेफरन्स प्रश्नचिन्हं. शिवाय प्रत्येक वेळी कंपाइलच्या दोन-तीन फेऱ्या पहिल्यापासून. ह्या फाइली कचरा नाहीत, लाटेकला त्या लागतात, फक्त माणसाला लागत नाहीत, हे मला स्वतःलाच ह्या टप्प्यावर नीट उमगलं.

फाइली जन्मालाच दुसरीकडे घालणं. म्हणजे एक बिल्ड नावाचं फोल्डर, आणि लाटेकला सांगायचं की तुझं सगळं तिकडे ठेव. पीडीएफलाटेकला (लाटेकमधून थेट पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम) आउटपुट डिरेक्टरी देता येते, पण मग पीडीएफपण तिकडेच जाते, आणि हिला ती समोर हवी होती. लाटेकएमकेमध्ये मात्र ऑक्स डिरेक्टरी वेगळी आणि आउट डिरेक्टरी वेगळी ठेवता येते. मिकटेक ह्या लाटेकच्या दुसऱ्या संचाला ही सोय स्वतःची आहे, टेक लाइव्हवर लाटेकएमके तिचं अनुकरण करतो, म्हणजे आत सगळं बिल्डमध्ये होऊ देतो आणि पीडीएफ बाहेर आणून ठेवतो.

मी ह्या शेवटच्या पर्यायाच्या बाजूने होतो. ती घाबरत होती, आणि तिचं घाबरणं रास्त होतं, सबमिशनला पाच आठवडे राहिले असताना कंपाइल करायची पद्धत बदलायची म्हणजे जोखीम आहेच. म्हणून ठरवलं की आधी फोल्डरची एक प्रत काढायची, प्रतीवर दोन दिवस काम करून बघायचं, आणि जुनं फोल्डर हातही न लावता तसंच ठेवायचं. हा निर्णय तिचा, आणि सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मला तोच वाटतो.

प्रत्यक्ष काय केलं

सगळ्यात आधी सिम्युलेशनच्या फाइली थिसिसच्या फोल्डरमधून बाहेर काढून शेजारी डेटा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या. हे काम दोन मिनिटांचं, आणि पहिल्या दिवशीच केलं असतं तर नऊ तास वाचले असते.

मग लाटेकएमकेच्या सेटिंग फाइलमध्ये तीन ओळी लिहिल्या: ऑक्स डिरेक्टरी बिल्ड, आउट डिरेक्टरी हेच फोल्डर, आणि अनुकरण चालू. टेकस्टुडिओत कंपायलर म्हणून पीडीएफलाटेक होता तो बदलून लाटेकएमके केला. एवढ्यावर पीडीएफ आली पण टेकस्टुडिओत एररची यादी रिकामी यायला लागली, कारण तो लॉग जुन्या जागी शोधत होता आणि लॉग आता बिल्डमध्ये होता. सेटिंगमध्ये प्रगत पर्याय दाखवले की बिल्डच्या पानावर लॉग आणि पीडीएफसाठी जादाचे मार्ग लिहायची जागा मिळते, तिथे बिल्ड टाकलं, सुटलं. पंधरा मिनिटं आम्ही ह्यात घालवली, म्हणून वेगळं सांगतोय.

पुढची अडचण प्रकरणांची. ह्या निमित्ताने तिने प्रकरणं वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली होती, आणि लगेच एरर, प्रकरण एकची ऑक्स लिहिता येत नाही. पीडीएफलाटेक बिल्डच्या आत त्या नावाचं आतलं फोल्डर स्वतः तयार करत नाही. ते एकदा हाताने केलं, परत प्रश्न आला नाही.

सिंकटेकची फाइल, जिच्यामुळे पीडीएफवरून सोर्समध्ये उडी मारता येते, ती पीडीएफच्या शेजारीच राहू दिली कारण व्ह्यूअर तिला तिथेच शोधतो. म्हणजे मुख्य फोल्डरमध्ये नको असलेली फक्त दोन नावं उरली: बिल्ड आणि सिंकटेकची ती एक फाइल.

आणि इथे परत डॉट हिडन आली! दोन ओळी, हाताने लिहिलेल्या, स्क्रिप्ट नाही, स्टार नाही. ही नावं कधी बदलत नाहीत, किती का प्रकरणं वाढेनात. ज्या सोयीशी आम्ही दोन महिने झगडत होतो ती अशाच ठरलेल्या नावांसाठी आहे.

बिल्ड तरी लपवायचं का, ह्यावर आमचं थोडं वाजलं. माझं म्हणणं असं की एक फोल्डर दिसलं तर बिघडलं कुठे, उलट काही अडलं की तिकडे बघायचं हे लक्षात राहील. तिला ते डोळ्यासमोर नकोच होतं. शेवटी मधला मार्ग काढला, बिल्ड दिसू दे, सिंकटेकची फाइल तेवढी लपव. म्हणजे डॉट हिडनमध्ये एकच ओळ उरली.

मॅडमना पाठवायचं असेल तेव्हा आधी फक्त पीडीएफ, आणि सोर्स मागितला तर प्रकरणांचं फोल्डर, बिब आणि मेन एवढंच झिप करायचं. आता त्या वेगळ्याच जागी असल्यामुळे निवडायला सोपं झालं.

निकाल

प्रतीवर दोन दिवस काम झालं, पीडीएफ जुनीशी पान न पान ताडून बघितली, फरक नाही, मग तेच खरं फोल्डर केलं. त्यानंतर सबमिशनपर्यंत फाइल सापडत नाही म्हणून तिचा एकदाही फोन आला नाही. एकदा परत कंपाइल अडकलं होतं, तिने सरळ बिल्ड फोल्डर पूर्ण डिलीट केलं, आतलं प्रकरणांचं फोल्डर परत केलं, सगळी प्रकरणं एकदा पूर्ण कंपाइल केली, चाललं. मला हे दोन दिवसांनी जाता जाता सांगितलं. बिल्डमध्ये जे आहे ते सगळं परत तयार होतं ही खात्री असल्यामुळे तिला ते निर्धास्त पुसता आलं, जुन्या फोल्डरमध्ये अशी खात्री कशाचीच नव्हती.

एक गोष्ट मात्र अडली. थिसिसमधल्या एका प्रकरणाचा पेपर पाठवताना जर्नलने बीबीएल फाइल मागितली, म्हणजे तयार झालेली संदर्भसूची. ती बिल्डमध्ये होती, हिला माहीत नव्हतं की ती फाइल कधी बाहेर द्यावी लागते, आणि पहिल्या वेळी पेपर तिच्याशिवायच गेला, परत आला. आपोआप तयार होणाऱ्यांपैकी ही एक फाइल अशी आहे की वेळप्रसंगी सोबत द्यावी लागते. साफसफाई करतानाही लाटेकएमके मूळ सेटिंगमध्ये बीबीएलला हात लावत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच, कारण प्रत्येकाकडे बिब फाइल असतेच असं नाही.

आता असतं तर वेगळं काय केलं असतं

पहिल्या दिवशी मी विचारायला हवं होतं की ह्या फोल्डरमध्ये आणखी कुठल्या प्रोग्रॅमच्या फाइली येतात आणि हे फोल्डर तुझ्याशिवाय कोण उघडतं. पहिल्याचं उत्तर सिम्युलेशन, दुसऱ्याचं मॅडम, विंडोजवर. दोन्ही घटना तिथेच टळल्या असत्या. तिसरी, ऑक्सची, कदाचित झालीच असती, पण फाइल डोळ्यासमोर असती तर संध्याकाळ वाया गेली नसती.

स्क्रिप्ट द्यायचीच होती तर ती काय लपवतेय हे तिने दाखवायला हवं होतं. कंपाइलनंतर मेसेजच्या खिडकीत इतक्या फाइली लपवल्या, ही त्यांची नावं, एवढं छापलं असतं तरी रन-3 तिथे दिसली असती. मी ती गुपचूप चालणारी लिहिली कारण मला तिला कमीत कमी त्रास द्यायचा होता, आणि त्यातूनच जास्त त्रास झाला.

आणि दुसऱ्याच्या मशीनवर काही लपवून देत असाल तर परत दाखवायचं कसं हे त्याच बैठकीत त्यांच्याच हाताने करून घ्या. कंट्रोल एच मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण तोंडी, आणि तिने ते एकदाही दाबून बघितलं नव्हतं.

पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा पायकॅशचा, म्हणजे पायथन आपोआप टाकून ठेवतो त्या कॅश फाइलींचा, प्रश्न हाच आहे, आणि तो जरा सोपा आहे. 3.2 आवृत्तीपासून पायथन त्या फाइली प्रत्येक ठिकाणी एकाच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून डॉट हिडनमध्ये ते एक नाव लिहिलं की त्या फोल्डरपुरतं भागतं. पण प्रोजेक्टमध्ये वीस फोल्डर असतील तर वीस ठिकाणी डॉट हिडन लागेल. 3.8 पासून एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आहे, पायकॅश प्रीफिक्स नावाचं, त्यात दुसऱ्या जागेचा पत्ता दिला की सगळ्या कॅश फाइली तिकडे जातात. लॅबमधल्या दुसऱ्या एकाने परवा हेच विचारलं तेव्हा मी डॉट हिडनचं नाव काढलं नाही, आधी त्याचं फोल्डर उघडून दोघांनी मिळून कंट्रोल एच दाबलं आणि आत काय काय आहे ते वाचून काढलं.